पिंजऱ्याचं दार उघडायचं कुठे?

आमच्या बार्नमध्ये, म्हणजे कोठारात, एक पिंजरा धूळ खात पडलाय. जाळीचा, धरायला मूठ असलेला, आत पाय पडला की झडप खाली येणारा. कंपनीने नाव ठेवलंय हॅवाहार्ट. मराठीत सांगायचं तर 'जरा दया असू द्या'. आठ वर्षांपूर्वी तो विकत घेताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. विष नाही, गोळी नाही. पकडायचं आणि लांब नेऊन सोडायचं, संपला विषय.

पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेड्यात आमची चार एकर जागा आहे. त्यातली तीन एकर रानच. हद्दीला दगडावर दगड रचलेले, चुनामाती न लावलेले जुने बांध. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, अरे हे तर आपले गडगे! फरक एवढाच की आमच्या राजापूरकडच्या गडग्यात साप-विंचू असायचे, आणि या गडग्यात राहतात चिपमंक आणि ग्राउंडहॉग. ग्राउंडहॉग दिसतो एखाद्या माजलेल्या घुशीसारखा, पण आहे खारीच्या कुळातला. हिवाळाभर बिळात झोपतो आणि उठला की उन्हाळाभर खातो. वालाच्या, ब्रोकोलीच्या रोपांची अख्खी ओळ सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत गायब करतो. मका मात्र डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेल्या, रात्री फिरणाऱ्या रकूनचा. कणीस उद्या काढू म्हटलं की तो आज रात्री येतो. हे त्याला कळतं कसं, ते मला अजून समजलेलं नाही.

तर पहिल्या उन्हाळ्यात मी खरबुजाच्या फोडी लावून ग्राउंडहॉग पकडला. पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली, गाडीत ठेवला आणि कनेटिकट नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या रानाच्या कडेला सोडला. तो धावत सुटला त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. काकूने हात जोडलेले पाठवले, कुणी 'पुण्याचं काम' म्हणून लिहिलं.

दोन दिवसांनी रस्त्यापलीकडच्या गायीवाल्या म्हाताऱ्या शेजारणीला मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. तिने विचारलं, कुठे सोडलास? मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता तो तिथल्या कुणाचा तरी वाल खातोय." आणि मग जाता जाता, हे इथे बेकायदा आहे, ठाऊक आहे ना?

ठाऊक नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये वन्य प्राणी पकडून दुसरीकडे नेऊन सोडायला मनाई आहे. नुसती माझ्यासारख्या हौशी माणसाला नाही, पैसे घेऊन प्राणी पकडणाऱ्या परवानाधारकालाही. पकडलास तर त्याच जागेवर सोड, नाहीतर मार. मधला रस्ता नाही. आणि प्राण्यांबद्दल कठोर असलेलं हे राज्य नव्हे. पाय धरून ठेवणारे लोखंडी सापळे इथल्या मतदारांनी १९९६ साली मतदान करून बंद पाडले. त्याच राज्याने दयेच्या पिंजऱ्याला मात्र हद्दीची अट घातली.

मला राग आला होता. मग कारणं वाचत गेले. सगळ्यात मोठं कारण रकूनचंच. रकूनमधला रेबीज हा पूर्वी फ्लोरिडा आणि त्याच्या आसपासचा, म्हणजे दक्षिणेचा आजार. सत्तरच्या दशकात शिकारीची हौस असलेल्यांनी तिकडचे रकून पकडून व्हर्जिनियाच्या बाजूला आणून सोडले. प्राणी आले, त्यांच्या लाळेतून विषाणूही आला. १९७७ साली वेस्ट व्हर्जिनियात पहिला रुग्ण-रकून सापडला. तिथून हा रेबीज वर सरकत सरकत १९९२ मध्ये आमच्या राज्यात पोचला. राज्याच्या पूर्व टोकाला समुद्रात घुसलेल्या केप कॉडला जाणाऱ्या वाटेवर लशीचं आमिष टाकून त्याला काही वर्षं थोपवून धरलं, पण २००४ साली तो तिथेही पोचला. आजही पूर्व किनाऱ्यावर विमानांतून लशीच्या वड्या टाकाव्या लागतात. काही लोकांनी पिंजऱ्यांची दारं चुकीच्या जागी उघडली, त्याची ही किंमत.

दुसरं कारण मला जास्त टोचलं. मेरीलँडमध्ये संशोधकांनी वस्तीतल्या ३८ करड्या खारी पकडून मोठ्या जंगलात सोडल्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवलं. अठ्ठ्याऐंशी दिवसांत त्यातल्या ३७ मेल्या किंवा तिथून नाहीशा झाल्या. अनोळखी रानात बीळ कुठे, पाणी कुठे, कुठल्या फांदीवर कुणाची सत्ता, हे त्या जनावराला कोण सांगणार? माझ्या व्हिडिओत ग्राउंडहॉग धावत सुटतो तिथे चित्रण थांबतं. पुढचं मी पाहिलंच नव्हतं. ते न पाहण्याचेच मी पैसे मोजले होते, असं आता वाटतं.

हे सगळं आठवायचं कारण दादाचा फोन. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, गावचं आगर तोच बघतो. नारळ, पोफळी, थोडी कलमं. गेली काही वर्षं त्याच्या बोलण्यात पावसापेक्षा माकडांचा विषय जास्त असतो. लाल तोंडाची केल्डी आणि काळ्या तोंडाचे वानर, दोघंही. कोवळे नारळ पाडतात, मोहर झोडतात, कैऱ्या एक चावा घेऊन टाकतात, कौलं फोडतात. परसातला पावटा, पडवळ, काही म्हणून ठेवत नाहीत. आमच्या वाडीत चार घरांनी भाजी लावायचीच सोडली. त्यामुळे सरकारने माकडं पकडणाऱ्यांना पैसे द्यायचं ठरवलं, तेव्हा दादा खूश झाला. २०२५ च्या त्या निर्णयानुसार पहिल्या दहा माकडांना प्रत्येकी ६०० रुपये, पुढच्यांना ३०० रुपये, आणि पकडलेली माकडं माणसाच्या वस्तीपासून किमान दहा किलोमीटर लांब जंगलात सोडायची.

मी त्याला विचारलं, दादा, राजापूर तालुक्यात वस्तीपासून दहा किलोमीटर लांब असलेली जागा दाखव. कोकणात एक वाडी संपली की दुसरीचा चढ सुरू होतो. म्हणजे न्यायची तर सह्याद्रीत. आणि घाटाखालीही माणसं राहतातच. त्यांचंही आगर आहे.

तो म्हणाला, "नको गो शिकवूस. तुझं काय, वाल गेला तर दुकानातून आणशील."

बरोबर बोलला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि इथून लिहिणाऱ्या कुणाकडेही असेल असं वाटत नाही. माझी बाग हौस आहे, त्याचं आगर पोट आहे. तरीही 'उचला आणि नेऊन सोडा' या मागणीबद्दल मला बोलायचंय, कारण तिचा हिशोब परदेशात जायच्या आधी महाराष्ट्रातच मांडून झालेला आहे.

जुन्नर आठवा. २००१ नंतर तिथल्या उसातले बिबटे पिंजरे लावून पकडले गेले आणि दुसरीकडच्या रानात सोडले गेले. त्याआधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. या मोहिमेच्या काळात ते सतरावर गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे मांडले, तेव्हा कुठे लक्षात आलं की माणसाला टाळून जगायला शिकलेला बिबट्या उचलून परक्या मुलखात टाकला की तोच बिथरतो. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडला होता. त्याला नाव पडलं आजोबा. आजोबा काही घाटात राहिला नाही. रेल्वेचे रूळ, हमरस्ते, खाडी ओलांडत शंभराहून अधिक किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. २०११ मध्ये घोडबंदरच्या बाजूला गाडीखाली गेला. आपण जागा ठरवली म्हणून जनावर ती मानतं असं नाही. तरी आजही जुन्नर-शिरूरला हल्ला झाला की पहिली मागणी तीच: पिंजरे वाढवा, लांब पाठवा. लेकरू गेलेल्या घरासमोर उभं राहून याला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. पण लांब म्हणजे कुणाच्या लेकराजवळ, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा.

माकडांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला नवल वाटतं. माकडताप. शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला हा आजार गोचिडांमधून माणसाला होतो. माकडंही त्याने मरतात. २०१६ साली सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला त्याची साथ आली. काजूच्या बागेत काम करणारी माणसं तापाने आडवी झाली. आता मला सांगा, माकडांची टोळी टेम्पोत भरून एका डोंगराकडून दुसऱ्या डोंगराकडे न्यायची, तर तिच्या अंगावरच्या गोचिडी कोण उतरवून घेणार? रकूनची गोष्ट मी दादाला सांगितली ती याचसाठी. त्याने ऐकली. "माकडतापाचं खरं आहे," एवढंच म्हणाला.

अमेरिकेचा कायदा उचलून कोकणात लावा, असं मात्र मी म्हणत नाही. तो तिथे चालणार नाही. इथे 'सोडू नका' म्हटलं की उरतात दोन वाटा, कुंपण आणि बंदूक. मी कुंपण केलं. तीन फूट उंच जाळी, खालची फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीत पुरलेली, वरचं टोक सैल ठेवलेलं, म्हणजे चढणारा ग्राउंडहॉग त्याच्याच वजनाने मागे येतो. मक्याला विजेच्या दोन तारा, एक वीतभर उंचीवर आणि दुसरी तिच्यावर वीतभर. दोन शनिवार-रविवार गेले, पाठ धरली, पण पिंजरा तेव्हापासून बार्नमध्ये आहे. शेजारणीने बंदूक वापरली. ती हे खिडकीतून पाऊस बघावा तितक्या शांतपणे सांगते.

माकडाला कुंपण नाही. झटका तार रानडुकराला थोपवते, माकड तिच्यावरच्या फांदीवरून येतं. आणि बंदूक? शेतीसंरक्षणाचे परवाने कोकणात पूर्वीपासून आहेत, निवडणूक आली की त्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. पण प्रश्न परवान्याचा नाहीच. माकडांना गोळ्या घाला म्हणून सभेत ओरडणारा माणूस घरी येऊन मारुतीला तेल वाहतो. आमच्या वाडीत तारेला चिकटून मेलेल्या वानराला हळद-कुंकू लावून, फुलं घालून पुरलं होतं, आणि पुरणाऱ्यांत दादा होता. त्याच आठवड्यात त्याचे शंभरेक कोवळे नारळ खाली पडले होते. यात ढोंग नाही, दोन्ही खरं आहे. म्हणूनच 'पकडा आणि सोडा' इतकं गोड वाटतं. पापही लागत नाही आणि माकडही दिसत नाही. मी नदीचा पूल ओलांडत होते तेव्हा माझ्याही मनात हेच होतं.

आणि पुण्या-मुंबईच्या सातव्या मजल्यावरून 'सहजीवन' म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचंय. सहजीवनाचा खर्च आहे आणि सध्या तो सगळा दादा भरतो. पंचनामा होईपर्यंत पडलेला नारळ कुजून जातो. हिमाचलने २००७ पासून माकडांची नसबंदी चालवली आहे. तो मार्ग लांबचा, खर्चिक, वर्षानुवर्षं नेटाने करायचा, पण त्यात माकड निदान आपल्याच मुलखात राहतं. ते करायचं तर सरकारने करावं, आणि दोन वर्षांत गुण आला नाही म्हणून सोडू नये.

खरं तर कोकणातली माकडं एकाएकी शहाणी झाली नाहीत. राखण गेली. माझ्या लहानपणी आगरात कुणीतरी असायचंच. माझे आजोबा गोफण घेऊन मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात बसायचे, आम्ही पत्र्याचा डबा बडवायचो, कुत्रा होता. आता वाडीतल्या निम्म्या घरांना कुलूप आहे, ज्यांना नाही तिथे सत्तरीची दोन माणसं. आमचं घर त्या कुलपांपैकी एक आहे. माझ्या वाटणीची कलमं, आजूबाजूच्या पडीक बागा, ही माकडांची हक्काची जागा झाली आणि तिथून ती दादाच्या आगरात उतरतात. हे मी त्याला कधी म्हटलं नव्हतं, त्यानेच मला ऐकवलं. माकडामागे ३०० ते ६०० रुपये द्यायचे, तर त्या पैशात राखणदाराची मजुरी का निघू नये, हा माझा साधा प्रश्न आहे. राखणीला रोजगार मानून पैसे दिले तर टेम्पो लागत नाही, रान शोधावं लागत नाही, आणि गावात दोन पोरं तरी राहतील.

सरकार काय करेल ते करेल. आम्ही वाडीतल्या आठ घरांनी वर्गणी काढलीय. पाच घरं मुंबईत, एक इथे, दोन गावात. दोन पोरं ठेवली, सकाळ-संध्याकाळ फिरायला, आणि दोन कुत्रे. फेब्रुवारी ते मे बरं चाललं. दादाच्या म्हणण्याप्रमाणे माकडं आली, पण बसली नाहीत. पावसात मात्र पोरं यायला तयार नाहीत, लावणीला त्यांना जास्त मजुरी मिळते. जुलै-ऑगस्टचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.