अपडेटला फाशी देण्याआधी फ्रेम मोजा

रेसिंग सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर खरी वाटणारी गाडी पळवायचे खेळ, चालवणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘सिम्युलेटरचं प्रत्येक अपडेट म्हणजे जुनी मशीन मुद्दाम मंद करून नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला लावायचा डाव आहे. नीट चालणारी आवृत्ती धरून ठेवा, अपडेट कायमचं बंद करा. घेऊन बसला असाल तर सगळं ग्राफिक्स लो करा, फ्रेम हव्या तेवढ्या वाढतील. डोळ्याला ६०च्या वर दिसतच नाही, तेव्हा व्ही-सिंक लावून ६०वर थांबा. फोर्स फीडबॅक १०० टक्के ठेवा, गाडी खरी वाटते. आणि शेडर कॅशे रोज पुसा.’

(फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं, व्ही-सिंक म्हणजे ती पडद्याच्या गतीशी जुळवणं, आणि फोर्स फीडबॅक म्हणजे स्टिअरिंगमधल्या मोटरनं हाताला दिलेला जोर.) मला हा मजकूर चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांना स्टिअरिंग व्हील घ्यायच्या नादाला मीच लावलं होतं, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. मजकुरात सगळंच खोटं असतं तर सोपं होतं. पण लक्षणं खरी आणि निदान भलतंच, असा हा प्रकार आहे.

‘अपडेट मुद्दाम मंद करतात.’

अपडेटनंतर गचके बसतात, हे खरं आहे. मीही अनुभवलंय. पण कारणं तपासली तर त्यात कारस्थान सापडत नाही.

पहिलं कारण शेडर. पडद्यावरचा रस्ता, काच, रंग, पाणी कसं दिसायचं याच्या छोट्या सूचना म्हणजे शेडर, आणि त्या तुमच्या कार्डाच्या भाषेत उतरवाव्या लागतात. एकदा उतरवल्या की त्या साठवून ठेवल्या जातात; हा साठा म्हणजेच शेडर कॅशे. सिम्युलेटरचं अपडेट आलं, किंवा नुसता कार्डाचा ड्रायव्हर बदलला, की तो साठा बाद होऊ शकतो आणि काम पुन्हा करावं लागतं. म्हणून पहिल्या काही लॅपमध्ये नवं काही नजरेसमोर आलं की गाडी अडखळते, मग हळूहळू सुरळीत होतं. पहिल्याच लॅपवर निकाल देणारा माणूस इथे फसतो.

दुसरं कारण जास्त हास्यास्पद आहे. अपडेट कधी कधी सेटिंगची फाइल नव्यानं लिहितं. मी एकदा एक अख्खी संध्याकाळ नव्या आवृत्तीला शिव्या घालण्यात घालवली. रेस सुरू झाली की पहिल्या वळणापर्यंत चित्र तुटायचं. शेवटी जुनी सेटिंगची फाइल शेजारी उघडून ओळीनं ताडून पाहिली. आरशांची गुणवत्ता सर्वांत वर गेली होती आणि एका वेळी दिसणाऱ्या गाड्यांचा आकडा दुपटीहून जास्त झाला होता. तेवढं मागे घेतलं आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून अपडेटच्या आधी त्या फाइलींची प्रत काढून ठेवतो. असेटो कोर्सा आणि असेटो कोर्सा कॉम्पेतित्सिओने (पुढे नुसतं कॉम्पेतित्सिओने) या दोन्ही सिम्युलेटरच्या फाइली विंडोजच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्येच असतात. नक्कल करायला मिनिटही लागत नाही.

तिसरं कारण मात्र खरंच जास्तीचं काम. २०२४च्या मार्चमध्ये आयरेसिंग या ऑनलाइन सिम्युलेटरमध्ये पाऊस आला. पाऊस म्हणजे काचेवर चार थेंब नव्हेत. रस्त्यावर कुठे पाणी साचलं, कुठल्या रेषेवरून गाड्या जाऊन ते हटलं, पुढच्या गाडीचा फवारा किती उडतो, ओल्या डांबरात काय परावर्तित होतं, हे सगळं मोजायचं आणि काढायचं. त्याला वेळ लागणारच. याला ‘मुद्दाम मंद करणं’ म्हणायचं असेल तर गाडीत प्रवासी वाढले म्हणून ती कमी पळते, हेही कारस्थानच म्हणावं लागेल.

आणि मिळणार काय? सिम्युलेटर बनवणारे कार्ड विकत नाहीत. आयरेसिंग तर वर्गणीवर चालतं. जुन्या मशीनवाला कंटाळून निघून गेला तर नुकसान त्यांचंच. उलटी उदाहरणंही आहेत. १९९८चं ग्राँ प्री लेजंड्स हे सिम्युलेटर सेकंदाला ३६ फ्रेमवर बांधलेलं होतं. पुढे हौशी मंडळींनी पॅच लिहून ते ६०पर्यंत नेलं. तीच गाडी, तेच ट्रॅक, आणि चित्र नितळ झालं ते बदलामुळेच.

‘जुनी आवृत्ती धरून ठेवा.’

एकटेच चालवत असाल तर खुशाल. मूळ असेटो कोर्साची अधिकृत अपडेटं केव्हाच थांबली आहेत, लोक मॉडवर, म्हणजे हौशी मंडळींनी केलेल्या बदलांवर, जगतात, आणि तिथे नीट बसलेली घडी मोडू नये हे मलाही पटतं. लीगचा हंगाम मध्यावर असताना नवी आवृत्ती आली तर दोन-तीन दिवस थांबून बाकीच्यांचं काय होतंय ते पाहावं, यातही शहाणपण आहे.

पण ऑनलाइन रेसमध्ये हा सल्ला चालतच नाही. सर्व्हर आणि तुम्ही एकाच आवृत्तीवर असावे लागता. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातही ‘अपडेट कधीच नको’ असा पर्याय नाही; फार तर ‘खेळ सुरू करेन तेव्हा घे’ एवढंच सांगता येतं. काही सिम्युलेटर मागच्या आवृत्त्या वेगळ्या शाखेत उपलब्ध ठेवतात, पण ती त्यांची मेहेरबानी.

शिवाय अपडेटमध्ये फक्त चित्र बदलत नाही. २०२३मध्ये कॉम्पेतित्सिओनेची १.९ आवृत्ती आली तेव्हा टायरचं वागणं बदललं. जीटी-३ वर्गातल्या शर्यतीच्या गाड्यांचं कोरड्या ट्रॅकवरचं गरम टायरचं प्रेशर लोक २७ आणि २८ पीएसआयच्या मध्ये ठेवत होते, ते २६ ते २७ वर आलं. जुना सेटअप तसाच लावून ‘अपडेटनं गाडी घसरते’ म्हणणारे तेव्हा पुष्कळ भेटले. गाडी घसरत होती ती टायर जास्त फुगवल्यामुळे. इथे ‘परफॉर्मन्स’ या एका शब्दात दोन गोष्टींची सरमिसळ होते: मशीनचा वेग आणि गाडीचा वेग. लॅप अर्ध्या सेकंदानं मंदावली याचं कारण ग्राफिक्सच्या पानावर शोधू नका.

‘सगळं लो करा.’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं, कारण ते ऐकायला अगदी बरोबर वाटतं.

सिम्युलेटरमध्ये एकाच वेळी दोन घड्याळं चालतात. एक चित्राचं: सेकंदाला ६०, ९०, १४४ फ्रेम, मशीन जेवढ्या काढेल तेवढ्या. दुसरं भौतिकाचं: टायर, सस्पेन्शन, हवा यांची गणितं. असेटो कोर्सात ती सेकंदाला ३३३ वेळा होतात, आयरेसिंगमध्ये ३६० वेळा. म्हणजे चित्र तयार असो वा नसो, प्रोसेसरला दर ३ मिलिसेकंदाला एक हिशेब पुरा करून द्यावाच लागतो. तो चुकला तर असेटो कोर्सा पडद्यावर स्पष्ट सांगतो की प्रोसेसरचा वापर ९९ टक्क्यांच्या वर गेलाय. तो इशारा दिसत असताना टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) कमी करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. टेक्स्चर कार्डाच्या मेमरीत बसतात. प्रोसेसरवर त्यांचा भार नगण्य.

मग कोण दमलंय हे ओळखायचं कसं? रिझोल्यूशन निम्मं करून पाहा. बाकी काही बदलू नका. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड दमलं होतं. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर. बस्स, एवढीच चाचणी, आणि हजारो रुपयांचा निर्णय तिच्यावर ठरू शकतो. मात्र चाचणी घेताना गाडी, ट्रॅक, हवामान, दिवसाची वेळ आणि गाड्यांची संख्या तीच ठेवा. रिकाम्या ट्रॅकवर दुपारच्या उन्हात मोजलेला आकडा पंचवीस गाड्यांच्या संध्याकाळच्या सुरुवातीला उपयोगाचा नाही. रिप्लेवर मोजणंही अर्धवट ठरतं, कारण तिथे गाड्यांचं गणित नव्यानं होत नाही, नोंदवलेल्या हालचालीच दाखवल्या जातात. प्रोसेसरचा घाम तिथे दिसत नाही.

प्रोसेसर दमला असेल तर कमी करायच्या गोष्टी म्हणजे दिसणाऱ्या गाड्या, संगणकानं चालवलेले प्रतिस्पर्धी, ट्रॅकच्या कडेची गर्दी, सावल्या आणि आरसे. आरसा म्हणजे मागच्या बाजूचं आणखी एक चित्र काढणं. तीन आरसे चालू असतील तर मागचं जग तीनदा काढलं जाऊ शकतं. बॉनेटवरचं प्रतिबिंबही असंच महाग. त्यासाठी गाडीभोवती घनाच्या सहा बाजू रंगवाव्या लागतात. असेटो कोर्सात प्रत्येक फ्रेमला किती बाजू ताज्या करायच्या ते निवडता येतं. सहाऐवजी एक-दोन केल्या तर रेसच्या धामधुमीत कुणाच्या लक्षातही येत नाही.

कार्ड दमलं असेल तर रिझोल्यूशन, कडा मऊ करणारं अँटी-अलायझिंग आणि चित्रावर नंतर चढवले जाणारे इफेक्ट यांना हात घाला. तीन पडदे लावणाऱ्यांनी साधा गुणाकार करावा: १९२० गुणिले १०८० चे तीन पडदे म्हणजे ६२ लाखांवर पिक्सेल, २५६० गुणिले १४४० चे तीन म्हणजे १ कोटी १० लाख. एकट्या ४-के पडद्याचे ८३ लाखच भरतात.

सरसकट लो करण्यात आणखी एक तोटा आहे. तिरकस दिसणारे पृष्ठभाग स्पष्ट ठेवणाऱ्या ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंगला फारसा खर्च येत नाही, पण ते काढलं की दूरचा रस्ता चिखलासारखा दिसतो. ब्रेक मारायची खूण शोधायची असते ती नेमकी तिथेच.

‘डोळ्याला ६०च्या वर दिसत नाही.’

ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ५५.६ मीटर. ६० फ्रेमला गाडी दोन चित्रांच्या मध्ये ९३ सेंटिमीटर सरकते, १२०ला ४६. हा फरक दिसतो. पण समजा नाही दिसला, तरी हाताला कळतो: गाडी मागून सुटली, तुम्ही स्टिअरिंग फिरवलं, आणि त्याचा परिणाम पडद्यावर यायला किती वेळ गेला यावर गाडी सावरणं अवलंबून आहे. व्ही-सिंक तयार चित्राला पडद्याच्या पुढच्या फेरीपर्यंत ताटकळत ठेवतो. साध्या व्ही-सिंकमध्ये १६.७ मिलिसेकंदांची वेळ जराशी हुकली की आकडा ६०वरून थेट ३०वर आपटतो. व्हीआर हेडसेट ९० हर्ट्झचा असेल तर हातात ११.१ मिलिसेकंदच असतात, आणि तिथली चूक डोळ्यांआधी पोटाला कळते.

या मुद्द्यात एक कण मात्र सोन्याचा आहे: मर्यादा घालणं. ७० ते १४०च्या मध्ये हिंदकळणाऱ्या फ्रेमपेक्षा स्थिर ८० चांगल्या. पडद्याला बदलत्या रिफ्रेशची, म्हणजे चित्र तयार होईल तसं ताजं होण्याची, सोय असेल तर त्याच्या कमाल आकड्याच्या दोन-तीन खाली मर्यादा बांधा. आणि सरासरीच्या आकड्यावर भाळू नका. एका सेकंदात ९९ फ्रेम ८-८ मिलिसेकंदांच्या आणि एक २०८ची असेल, तर बेरीज बरोबर एक सेकंद आणि सरासरी झकास १००. त्या एका फ्रेममध्ये ताशी २००ची गाडी साडेअकरा मीटर आंधळी धावली.

‘फोर्स फीडबॅक १०० टक्के.’

मोटरची ताकद ५ न्यूटन-मीटर आणि गाडीनं वळणात ८ मागितले, तर ५च्या वरचं सगळं छाटलं जातं. हेच क्लिपिंग. स्टिअरिंग घट्ट होतं म्हणून ‘खरं’ वाटतं, पण ते मुकं झालेलं असतं. पुढच्या टायरची पकड संपत आली की स्टिअरिंग किंचित हलकं होतं, तेही पकड पूर्ण सुटण्याच्या आधी. तोच इशारा छाटला जातो. असेटो कोर्सात पेडल दाखवणाऱ्या पट्टीत फोर्सचा रकाना लाल होतो. सर्वांत वेगवान लांब वळणात तो क्वचितच लाल व्हावा, इतपत ताकद उतरवा. टायरचं मॉडेल बदलणारं अपडेट आलं की हे पुन्हा तपासावं लागतं.

‘शेडर कॅशे रोज पुसा.’

पहिला मुद्दा वाचला असेल तर याचं उत्तर तुम्हीच द्याल. रोज पुसलं तर रोज पहिल्या लॅपचे गचके. अपडेटनंतर चित्रात काही विचित्र दिसलं तर एकदा पुसा आणि विसरा.

हा मजकूर मला सर्वांत आधी पाठवणाऱ्या मित्रानं नवं कार्ड जवळपास ठरवलंच होतं. त्याला रिझोल्यूशन निम्मं करून पाहायला सांगितलं. फ्रेम वाढल्या दोन. मग आरसे तीनवरून एकावर आणले, दिसणाऱ्या गाड्या कमी केल्या, आणि सुरुवातीचा गचका गेला. वाचलेल्या पैशांतून आता त्याला लोड-सेलचं, म्हणजे पायाचा जोर मोजणारं, ब्रेक पेडल घ्यायचंय. काल रात्री विचारत होता, त्याचं फर्मवेअर (पेडलच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं की नको.