पार्लरसाठी पॅम्फ्लेट छापण्याआधी हे करा

नाशकात नवं पार्लर उघडलं की पहिला खर्च ठरलेला असतो: पेपरमधून टाकायची पॅम्फ्लेटं आणि 'उद्घाटनानिमित्त ५० टक्के सूट'. माझ्या मते यातला बराचसा पैसा वाया जातो. सवलतीसाठी आलेलं गिऱ्हाईक पुढच्या सवलतीला दुसरीकडे जातं. शिवाय निम्म्या दरात हात चालवायची सवय लागली की पूर्ण दर सांगताना जीभ अडखळते, ते वेगळंच.

फुकट प्रसिद्धी मिळते, पण ती दुसऱ्याची गरज भागवल्यावर. वार्ताहराला बातमी हवी असते. हळदीकुंकू करणारीला जमलेल्या बायकांसाठी काहीतरी वेगळं हवं असतं. मोबाईलवर पार्लर शोधणारीला फक्त तीन गोष्टी हव्या असतात: आज उघडं आहे का, कुठे आहे आणि फोन उचलतात का.

म्हणून सुरुवात गूगलच्या नकाशापासून करा. नोंदणीला एक रुपया लागत नाही. नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावापुढे 'बेस्ट ब्रायडल मेकअप इंदिरानगर' अशी शेपटी लावणं नियमाविरुद्ध आहे. कुणी तक्रार केली तर प्रोफाइलच बंद होऊ शकतं आणि ऐन लग्नसराईत ते परत मिळवत बसावं लागतं. पडताळणीसाठी आता बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. तो मध्ये न कापता एका दमात घ्या: रस्ता आणि शेजारची दुकानं, तुमची पाटी, किल्लीने शटर उघडणं, आतल्या खुर्च्या, बेसिन. दुकान तुम्हीच चालवता हे व्हिडिओत दिसलं नाही तर तो नाकारला जाऊ शकतो. घरातूनच काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. एकट्या राहणाऱ्या बायकांनी तेच करावं.

दोन चुका फार दिसतात. एक म्हणजे गाळ्यात आधी असलेल्या दुकानाची जुनी नोंद तशीच राहते आणि लोक तिथला नंबर फिरवतात. ती 'कायमचं बंद' म्हणून सुचवा. दुसरी, नकाशावरची तुमची खूण, म्हणजे पिन, मागच्या गल्लीत पडलेली असते. सिडकोसारख्या भागात एक गल्ली चुकली की गिऱ्हाईक दुसऱ्याच पार्लरच्या पायरीवर उभं असतं. २०२७च्या सिंहस्थाच्या काळात बाहेरगावचे लोक शहरभर असतील. 'अमक्या दवाखान्याच्या समोर' हे त्यांना कळणार नाही, त्यांना पिनच कळेल. सणावाराच्या वेळाही आधीच बदलून ठेवा. दिवाळीत 'उघडं आहे' वाचून आलेली बाई बंद शटर बघून गेली की तिचा एक तारा ठरलेलाच.

गूगलवर अभिप्राय मागायची वेळ बिलाची नव्हे, आरशाची. केस सेट झाल्यावर बाई मान वळवून स्वतःकडे बघते, तेव्हा विचारा आणि संध्याकाळी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, त्याला बंदी आहे. पार्लरमधल्या मुलींनाही लिहायला लावू नका. एकाच दिवशी पंधरा अभिप्राय आले तर ते गाळले जाण्याचा धोका असतो. आठवड्याला दोन आले तरी पुष्कळ. वाईट अभिप्रायाला दोन ओळींचं शांत उत्तर द्या, आणि त्यात त्या बाईच्या त्वचेबद्दल किंवा केसांबद्दल एक अक्षरही लिहू नका. ती तिची खासगी गोष्ट आहे.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण तुमचा नंबर ज्यांच्याकडे सेव्ह आहे त्यांनाच मेसेज पोचतो. त्यामुळे वेळ ठरल्याचा निरोप पाठवताना 'हा नंबर सेव्ह करून ठेवा' हे वाक्य घाला. सोसायटीच्या ग्रुपवर रोज दरपत्रक टाकणाऱ्यांना लोक म्यूट करतात, आणि ते बरोबरच आहे.

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा: हळदीकुंकू. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत सोसायट्या, बचत गट, महिला मंडळं यांचे कार्यक्रम सतत चालू असतात. डिसेंबरातच अध्यक्षबाईंना फोन करून २० मिनिटं मागा. विषय एकच घ्या. साडीवरचा पाच मिनिटांचा अंबाडा उत्तम: एक शेपटीचा कंगवा, दोन रबर, दहा-बारा यू-पिना आणि समोर बसायला तयार असलेली एक काकू. हे दाखवून झाल्यावर दुसऱ्या एखादीकडून तोच अंबाडा करून घ्या. तिला जमला की सगळ्या जवळ सरकतात. फेशियल तिथे दाखवू नका. पाणी नसतं, वेळ पुरत नाही, आणि अनोळखी त्वचेवर क्रीम लावून लाली आली तर मंडळभर तीच बातमी होते.

कूपन वाटण्यापेक्षा एक छोटं कार्ड द्या. एका बाजूला नाव, नंबर आणि नकाशाचा क्यूआर कोड. दुसऱ्या बाजूला केस रंगवण्याआधीची चाचणी: थोडासा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा, ४८ तास थांबा, खाज, लाली किंवा सूज आली तर तो रंग वापरू नका. काळ्या मेंदीने पूर्वी कधी त्रास झाला असेल तर केसांच्या रंगानेही होऊ शकतो, कारण दोन्हींत बरेचदा पीपीडी हेच रसायन असतं. हे कार्ड बायका कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवतात. पॅम्फ्लेट रद्दीत जातं.

सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांत ८ मार्चला महिला दिन होतो. तिथेही हेच सत्र चालतं, फक्त फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विचारा. मार्च उजाडल्यावर सगळं ठरून गेलेलं असतं.

वर्तमानपत्रांचं गणित वेगळं आहे. देशदूत आणि गावकरी ही नाशिकचीच, आणि सकाळ, लोकमत वगैरेंच्या इथे आवृत्त्या आहेत. 'नवं पार्लर सुरू' ही बातमी नाही, ती जाहिरात आहे, आणि संपादकीय विभाग ती जाहिरात विभागाकडेच पाठवणार. कर्करुग्णांसाठी केसदान, वृद्धाश्रमात जाऊन केस कापणं, हंगामाचा उपयोगी सल्ला, या बातम्या आहेत. केसदान करणार असाल तर केस घेणाऱ्या संस्थेशी आधी बोला. किमान लांबी, रंगवलेले केस चालतात का, या अटी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. बऱ्याच ठिकाणी १२ इंच लागतात. केस कोरडे हवेत, रबर बांधून त्याच्या वर कापायचे. ओले केस पिशवीत कुजतात आणि सगळं फुकट जातं. संस्थेचं नाव छापायला तिची परवानगी घ्या, आणि ज्यांचे केस कापले त्यांची फोटोसाठी लेखी संमती.

सल्ला द्यायचा तर नाशिकचं पंचांग बघा. होळीच्या केसांच्या टिपा बाहेरच्या रील बघून धूलिवंदनाला टाकतात, पण आपल्याकडे रंग रंगपंचमीला. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले जुने हौद, उघडतात त्या दिवशी. म्हणजे मजकूर आठ दिवस आधी पेपरकडे हवा: आदल्या रात्री तेल, केसांची वेणी, वर रुमाल, नंतर आधी कोरडा रंग झटकायचा, मग साधं पाणी, गरम नको, ब्लीच आणि थ्रेडिंग चार दिवस पुढे ढकला, कारण घासून त्वचा आधीच सोललेली असते.

मजकूर १५० ते २०० शब्दांचा, युनिकोड मराठीत, म्हणजे मोबाईलवर टाइप होते तशा. पीडीएफ किंवा मजकुराचा फोटो पाठवलात तर कुणालातरी पुन्हा टाइप करावा लागतो, आणि तेवढा वेळ डेस्कवर कुणाकडे नसतो. पहिल्याच वाक्यात कोण, काय, कुठे, कधी. 'सुप्रसिद्ध' हा शब्द काढा. फोटो आडवा, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईत फुटतो. खाली 'डावीकडून' करून नावं. दुपारी चारच्या आत पाठवा आणि एकदाच फोन करा. रेडिओ विश्वास (९०.८) आणि आकाशवाणी नाशिक (१०१.४) यांच्याकडे जाताना पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून न्या.

बातमी छापून आली की दोन दिवस फोन वाजत राहतो. त्या दोन दिवसांत वॅक्सिंगमध्ये गुंतलेल्या हातांनी फोन उचलता येत नाही, म्हणून घरातलं एक माणूस फोनपाशी बसवा. त्याच्यापुढे दरपत्रक आणि वही ठेवा, आणि प्रत्येकीला विचारायला सांगा: कुठे वाचलंत?