मे महिन्यातला सर्वे अन् शुक्रवारचा बाजार

पोस्ट लांब आहे. मी दवाखान्याच्या बाजूने की विरोधात, एवढंच ज्यांना पाहायचं आहे त्यांना आधीच सांगतो: बाजूने. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय गावाला मिळतंय. त्यासाठी जी निवेदनं गेली त्यावर माझीही सही आहे. माझं भांडण फक्त गेटाशी आहे.

गेट बाजाररस्त्यावर काढायचं ठरलंय. मागच्या बैठकीत मी विचारलं, या रस्त्यावर आणखी किती गाड्या येतील याचा काही हिशोब केला का? साहेब म्हणाले, ट्रॅफिक सर्वे झालेला आहे, काही अडचण नाही. मागून एकजण बोललाच, "येवढासा दवाखाना, त्याले कायचं ट्रॅफिक? हे काय मुंबई हाय का?" सगळे हसले. मीही हसलो, बोलणारा माझाच मित्र होता.

पण तो सर्वे मी डोळ्यांनी पाहिला आहे. मे महिना, मंगळवार, दुपार. दोन पोरं माझ्या कृषी केंद्रासमोरच्या कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून बसली होती, मांडीवर पॅड. त्यांना माठातलं पाणी मीच नेऊन दिलं. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी रस्त्यावर असतं कोण? एक कुल्फीवाला, अन् नालीत पाय घालून बसलेलं कुत्रं. कापूस केव्हाच जिनिंगला गेलेला, शाळेला सुट्ट्या, अन् बाजार आपला शुक्रवारचा. पोरांना दोष नाही, त्यांनी दिसलं ते लिहिलं. त्यांना त्या दिवशी पाठवलं कोणी, हा माझा प्रश्न आहे.

गाड्या कशा मोजायच्या हे काही गुपित नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९७२ सालीच लिहून ठेवलंय: शहराबाहेरच्या रस्त्यावर वर्षातून दोनदा मोजणी, दर वेळी सलग सात दिवस, दिवसरात्र. अन् दोनांपैकी एक मोजणी शेतमाल निघून बाजारात जातो त्या हंगामात. सात दिवस धरले की आठवडी बाजार आपोआप त्यात येतो. आपल्याकडे एक दुपार धरली.

त्याच संस्थेच्या १९९० च्या पुस्तकात आणखी एक हिशोब आहे, तो मला फार आवडला. रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट मोटारीच्या मापात मोजायची. त्या मापाला पीसीयू म्हणतात. मोटारसायकल अर्धी, कार किंवा ऑटो एक, एसटी अन् ट्रक तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. अन् बैलबंडी? आठ. लहान असली तर सहा. मी काकाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग माह्या बंडीले टोल लागन का बापू?" हसण्यावारी जाऊ द्या, पण हिशोब बरोबर आहे. बंडी हळू चालते, रस्ता भरून चालते अन् तिच्या मागची कार तिच्याच चालीने चालते.

आता आपला बाजाररस्ता. मी दुकानासमोर टेप लावून पाहिला, डांबर पावणेचार मीटरच्या वर बोटभरही नाही. म्हणजे एकपदरी. अशा रस्त्याला दिवसाला साधारण २००० पीसीयू झेपतात असं पुस्तक म्हणतं. नुसत्या बंड्याच धरल्या तर अडीचशे. अन् हेसुद्धा दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या चांगल्या, मोकळ्या असतील तर. आपल्या साइडपट्टीवर शुक्रवारी काय असतं ते तुम्हाला माहीत आहे: इकडे वांगी-सांबार (म्हणजे कोथिंबीर), तिकडे चपलांचा ढीग, मधात जिलेबीची कढई.

दवाखान्याचा अन् बाजाराचा संबंध काय, असं साहेबांना वाटत असेल. इथे राहणाऱ्याला वाटणार नाही. आसपासच्या खेड्यातला माणूस गावात येतो आठवड्यातून एकदा. त्याच फेरीत तो पिठाचं दळण, माझ्याकडून फवारणीचं औषध, पोराच्या वह्या अन् बायकोचं दुखणं, सगळं उरकतो. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी कोणत्या दिवशी फुटते ते तिथल्या सिस्टरना विचारा. त्यामुळे रोजच्या ओपीडीची सरासरी काढून वर थोडे टक्के चढवले की झालं, असा हिशोब इथे चालत नाही. दवाखान्याची गर्दी अन् बाजाराची गर्दी एकाच दिवशी, एकाच तासाला, एकाच एसटीतून उतरते.

त्यात दर महिन्याची ९ तारीख. २०१६ पासून त्या दिवशी गरोदर बायांची मोफत तपासणी असते, सुरक्षित मातृत्व अभियानातली. मार्च २०२३ पासून बायांना एसटीचं अर्धं तिकीट, म्हणून या बाया एसटीनेच येतात. एसटी थांबते फाट्यावर. तिथून बाजार ओलांडून पायी यायचं, आठव्या-नवव्या महिन्याचं पोट घेऊन, ट्रॉलीच्या चाकाजवळून. गेट कुठे काढायचं हे ठरवताना या बाया कोणाच्या डोळ्यापुढे होत्या का?

अन् पेशंट काही एकटा येत नाही. आपल्याकडे एकजण भरती झाला की सोबत पाच. दोन थांबतात, तीन डबा घेऊन सकाळ-संध्याकाळ येतात. मग गेटासमोर एक मेडिकल उघडतं, मग दुसरं. मग लॅब, झेरॉक्स, शहाळ्याची गाडी, चहाची कॅन्टीन, पानठेला, ऑटोवाल्यांची रांग. तालुक्याला कोणत्याही दवाखान्याच्या गेटावर जाऊन पाहा, आतल्यापेक्षा बाहेर जास्त गर्दी. हे सगळं त्या पावणेचार मीटरवर बसणार आहे. वर रस्त्याच्या त्या टोकाला शाळा. पोरींना शाळेत आणणारी मानव विकासची निळी बस अन् पोरींच्या सायकली नेमक्या ओपीडीच्याच वेळेला.

आता घरची गोष्ट. ऑक्टोबरमध्ये, शुक्रवारी, सोयाबीनची गंजी काढताना काकाजींच्या पायाला साप लागला. चुलतभावाने मोटारसायकल काढली, काकाजींना मधात बसवलं अन् मागून धरून मी. १०८ ला फोन केला होता, गाडी वेळेवर आलीही. पण ती फाट्यावर अन् आम्ही शिवाराकडून, मध्ये बाजार. सोयाबीनच्या कट्ट्यांची ट्रॉली अन् समोरून आलेली बंडी एकमेकांत अडकलेल्या. बाजाराच्या ताडपत्र्यांवरून ॲम्ब्युलन्सचा निळा दिवा दिसत होता. तीनशे पावलं असतील. काकाजी म्हणे, "मले उतरवून दे, मी पायीच जातो." मी म्हटलं, पाय हलवू नका, इख (विष) चढते. बंडीवाल्याला लोक ओरडत होते, मागे घे, मागे घे. अरे बाबा, बैलाला रिव्हर्स गिअर असतो का? शेवटी चार पोरांनी जूं सोडलं, बैल बाजूला काढले अन् बंडी हाताने ढकलली, तेव्हा वाट झाली. काकाजी वाचले. आज बांधावर बसून मलाच शहाणपण शिकवतात.

ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला कायद्यात दहा हजारांचा दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. त्या दिवशी तो कोणाला लावायचा होता? बंडीवाल्याला? वांग्यांच्या ढिगाला?

बाजारच हलवा, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या बायका पहाटे उठून डोक्यावर टोपलं घेऊन येतात त्यांना गावाबाहेरच्या उन्हात बसवायचं अन् गिऱ्हाईक येईल म्हणायचं! बाजार तिथेच राहू द्या.

दवाखान्याची जागा ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची आहे अन् तिची मागची बाजू पांदणीला, म्हणजे शेतात जायच्या वाटेला लागून आहे, हे नकाशात स्पष्ट दिसतं. ती पांदण नाल्यावरून थेट हायवेला निघते. गेट तिकडे काढा. हो, मला माहीत आहे, ती काळी माती आहे, पावसाळ्यात तिथे बैलही फसतो. नाल्यावर रपटा (बुटका पूल) लागेल, दोन-तीन जणांनी शेताचा धुरा (बांध) पुढे सरकवलाय तो मागे घ्यावा लागेल, अन् त्यातला एक माझा सोयरा आहे. पण शेत-पांदण रस्त्यांसाठी राज्याची योजना आहे, काम त्यातून धरता येतं. त्यावर पुढे डांबर पडेपर्यंत मुरूम-खडी तरी पक्की होईल. बाजाराकडून फक्त पायी येणाऱ्यांसाठी छोटं फाटक ठेवा. एसटीचा थांबा पांदण हायवेला मिळते तिथे मागा. इमारतीचा खड्डा खोदायच्या आधी हे कागदावर बदलता येतं. एकदा मोठं गेट अन् पोर्च उभं राहिलं की मग कोणी ऐकणार नाही.

जास्त बोलू नका, मंजूर झालेला दवाखाना दुसऱ्या गावाला पळेल, ही भीती मला तीन-चार जणांनी फोनवर घातली. भीती खोटी नाही, असं होताना आपण पाहिलंय. म्हणून मी स्थगिती वगैरे काही मागत नाही. काम सुरू करा, भिंती उभ्या करा. गेटाची बाजू तेवढी बदला.

अन् हो, माझं दुकान बाजाररस्त्यावरच आहे. गेट इकडे झालं तर भाडं वाढेल, गिऱ्हाईक वाढेल, मेडिकलवाल्याने तर शेजारचा गाळा आत्ताच विचारलाय. घरात यावरून बोलणी खाल्ली आहेत, ते वेगळं लिहीन कधी.

येत्या शुक्रवारी ९ तारीख आहे, म्हणजे बाजारही अन् गरोदर बायांची तपासणीही. कापसाच्या ट्रॉल्या चालू आहेतच. सकाळी आठपासून मी दुकानासमोर वही घेऊन बसतोय, अंधार पडेपर्यंत. आकडे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवायचे आहेत. आपले गुरुजी, रिटायर झालेले, फाट्यावर बसायला तयार झालेत. शाळेच्या टोकाला कोणीतरी पाहिजे, अन् दुपारी एक ते दोन मला जेवायला सोडवायला कोणीतरी. पेन घेऊन या. बंडी दिसली की आठ लिहायचे, एक नाही.