'रोज शंभर जोर, दोनशे बैठका': नवख्यांनी हा आकडा धरू नये

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. बेळगावात शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या, खानापूरच्या पाहुण्यांच्या आणि शाळेच्या जुन्या मित्रांच्या. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: 'जिमला पैसे घालू नका. घरीच रोज शंभर जोर, दोनशे बैठका मारा, एकही खाडा नको. २१ दिवसांत शरीर बदलतं. अंग दुखलं नाही तर व्यायाम लागलाच नाही. जितका घाम तितकी चरबी कमी. बायकांनी वजन उचलू नये. चाळिशीनंतर गुडघे सांभाळून फक्त चालावं. प्रोटीन पावडर नसेल तर मेहनत वाया.' सोबत लाल मातीतल्या पैलवानाचा फोटो.

घरी ताकद कमावता येते, एवढं त्यातलं खरं आहे. बाकीच्यावर गप्प बसवत नाही, कारण माझ्या आतेभावाने हा मेसेज वाचून पहिल्याच दिवशी दोनशे बैठका पुऱ्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी फोन केला, "दादा, जिना उतरायला येईना झालंय." वय ३८, काम दिवसभर दुकानात बसून. आता तो व्यायामाचा विषयच काढू देत नाही.

त्या आकड्याचं आधी बघू. आमच्या भागात गावोगावी तालमी आहेत. येळ्ळूरचं कुस्ती मैदान, बेळगावचा आनंदवाडीचा आखाडा ही नावं घरातल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी असतात. पैलवान शेकड्याने बैठका काढतात हे खरंच, पण तो आकडा लहानपणापासून वर्षानुवर्षं वाढवत नेलेला असतो, आणि त्यामागे खुराक, मालिश आणि झोप असते. मी तालमीत जायला लागलो तेव्हा वस्तादांनी पहिल्या दिवशी दहा बैठका काढून घेतल्या आणि "बस, उद्या ये" म्हणून घरी पाठवलं. मेसेजमध्ये पैलवानाचा फोटो आहे, वस्तादांची ही शिस्त नाही.

आणि प्रश्न नुसता अंगदुखीचा नाही. सराव नसलेल्याने एकदम शेकडो बैठका काढल्या तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं अडचणीत येऊ शकतात. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. व्यायामानंतर लघवी चहासारखी काळपट झाली, मांड्या सुजून ताठ झाल्या, तर घरी तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग सुरुवात किती? आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. ओट्यावर किंवा कट्ट्यावर हात टेकून जोर. जमिनीवरचे जोर नंतर. दप्तरात पाच किलो तांदूळ भरून, पाठ सरळ ठेवून, कमरेत वाकून ते उचलणं. तेच दप्तर एका हाताने कमरेकडे ओढणं. प्रत्येकी आठ-दहा, दोन वेळा. अजून दोन-तीन निघाले असते असं वाटत असतानाच थांबायचं. दोन्ही वेळा बारा सहज निघायला लागले की दप्तरात एक लिटर पाण्याची बाटली टाका, एक किलो वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही मोठ्यांसाठी स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितलाय, रोज नाही. मधला दिवस हा खाडा नव्हे. स्नायूची डागडुजी त्याच दिवशी चालते.

२१ दिवसांत ताकद थोडी वाढते, पण ती बहुतेक मज्जासंस्था सरावल्यामुळे. आरशात फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. हे आधीच माहीत असलं की बाविसाव्या दिवशी मन खचत नाही.

दुखण्याचं म्हणाल तर नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी अंग भरून येतं. ते न सवयीच्या ताणाचं लक्षण आहे, व्यायाम लागल्याचा दाखला नाही. सराव झाला की दुखणं कमी होतं आणि ताकद वाढतच राहते. घामाचं तर आणखी सोपं आहे. मे महिन्यात अथणीकडे नुसतं बसलं तरी सदरा भिजतो, म्हणून चरबी वितळत नाही. घामाने गेलेलं वजन पाण्याचं असतं, दोन तांबे पाणी प्यालात की परत.

बायकांबद्दलच्या वाक्याचा मला खरोखर राग आहे. खानापुरात भाताचे भारे डोक्यावरून आणतात त्या कोण? निपाणीत दिवसभर मांडी घालून विड्या वळतात आणि संध्याकाळी कंबर धरून उठतात त्या कोण? वजन त्या उचलतातच, फक्त त्यासाठी शरीर तयार करायची संधी कुणी देत नाही. पुरुषांसारखे दंड होतील ही भीतीही फोल आहे, कारण बायकांमध्ये स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कित्येक पटींनी कमी असतं. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि ती टिकवायला वजनाचा व्यायाम हा खात्रीचा आधार आहे. आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीच्या प्रकारात कांस्यपदक आणलं, ते काही वजनाला घाबरून नाही.

पावडरीवर फार लिहीत नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं, हुलग्यांत २२ च्या आसपास, एका अंड्यात सहा. भाकरीबरोबर रोज उसळ, वाटीभर दही, जमेल तेव्हा अंडं किंवा मासे. सुरुवात करणाऱ्याला एवढं पुरतं.

राहिली चाळिशी. चालणं चांगलंच, पण चालून स्नायू टिकतातच असं नाही. १९९० मध्ये अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या सुमारे नव्वदीच्या लोकांनी आठ आठवडे पायांनी वजन उचललं. प्रयोग पुरा करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गुडघेदुखीतही मांडीचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचाच भाग असतो. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

माझी निपाणीची आत्या ६७ वर्षांची आहे. तिच्यासाठी आम्ही खुर्चीवर दोन उशा ठेवून सुरुवात केली, म्हणजे कमी वाकावं लागतं. पहिल्या दिवशी चार वेळा उठली, पाचव्यांदा हात टेकला. आता एका उशीवर दहा वेळा उठते, आणि दिवाळीपर्यंत दुसरीही काढायची म्हणते.