‘देइशार’ स्पॅनिशमधून आलेलं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं की गॅलिशियन (स्पेनच्या वायव्येकडच्या गॅलिशियाची भाषा) ही स्पॅनिशचीच गावठी बोली, ‘देइशार’ (सोडणं) हा स्पॅनिश ‘देखार’चा अपभ्रंश, आणि ‘उसनं देणं’ हा अर्थ मी उगाच चिकटवला. मला हे अजिबात पटत नाही.

मूळ लॅटिन ‘लाक्सारे’, म्हणजे सैल करणं. आपण गाठही सोडतो आणि गावही सोडतो, तसाच तिथेही अर्थ सरकत गेला. जुन्या गॅलिशियनमध्ये त्याचं ‘लेइशार’ झालं आणि तेराव्या शतकातल्या कवितांमध्ये ते सापडतं. एका कडव्याची ओळ पुढच्या कडव्यात परत घ्यायची जी रचना होती तिला नावच ‘लेइशाप्रेन’, म्हणजे सोड-धर! आणि कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो, ज्यानं स्वतःच्या दरबारात कॅस्टिलियन (म्हणजे स्पॅनिश) गद्याला एवढं बळ दिलं, त्यानं येशूची आई मेरी हिची चारशेच्या वर स्तोत्रं करून घेतली ती गॅलिशियन-पोर्तुगीजमध्ये, म्हणजे या दोन भाषांच्या तेव्हाच्या एकत्र रूपात, मग ती गावठी बोली कशी हो?

आता उच्चार बघा. स्पॅनिशमध्येही पूर्वी ‘श’च होता, ‘देशार’ म्हणायचे, त्याचा घशातला ‘ख’ साधारण सोळाव्या-सतराव्या शतकात झाला. गॅलिशियननं जुना ‘श’ सोडलाच नाही, म्हणजे बदलली ती स्पॅनिश. शिवाय ‘देइशार’सारख्या शब्दांतला तो ‘एइ’ स्पॅनिशमध्ये राहिला नाही, दुधाला गॅलिशियनमध्ये ‘लेइते’, स्पॅनिशमध्ये ‘लेचे’. किल्लीला स्पॅनिश ‘यावे’ आणि गॅलिशियन ‘चावे’, पोर्तुगीजमध्येही तोच शब्द, आपली चावी तिथूनच आली. म्हणजे सख्खं नातं कुणाशी ते दिसतंय की. ‘ल’चा ‘द’ कसा झाला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, ‘दार’ (देणं) या क्रियापदाच्या ओढीनं झाला असं काहीजण म्हणतात, पण तो ‘द’ पोर्तुगीज आणि कॅटलानमध्येही (स्पेनच्या ईशान्येकडची भाषा) आहे, त्यामुळे एकट्या स्पॅनिशचं नाव घेऊन चालणार नाही.

मी एवढं ताणून धरते कारण ‘तुमची भाषा म्हणजे बिघडलेली स्पॅनिश’ हे गॅलिशियातल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या ऐकलंय, आणि त्यापायी कित्येक आईबापांनी मुलांशी घरात ती बोलणंच बंद केलं. आपण तरी तेच वाक्य मराठीत परत नको लिहायला.

‘उसनं देणं’चं म्हणाल तर तिथे पाऊस भरपूर, आणि छत्री मागताना सरळ ‘देइशास्मे ओ पाराउगास?’ म्हणतात, म्हणजे ‘छत्री देतेस का जरा?’ परत करायचीच असते ती. फक्त एक, नुसतं ‘निघालो’ म्हणायचं असेल तर ‘देइशार’ चालत नाही, तिथे ‘मार्चो’ म्हणतात, आणि ते क्रियापद आलंय फ्रेंचमधून.