सगळा दोष स्टेरॉइडचा नाही
कोविडनंतर होणाऱ्या म्युकरमायकोसिसवर (काळी बुरशी, ब्लॅक फंगस) एक लेख वाचला, त्यात सगळं खापर स्टेरॉइडवर फोडलंय ते पूर्ण पटलं नाही. ऑक्सिजनवर असलेल्या कोविड पेशंटला रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त 10 दिवस, याने जीव वाचतात हे रिकव्हरी ट्रायलमध्ये (ब्रिटनमधली कोविडच्या औषधांची मोठी चाचणी) 2020 लाच दिसलं होतं, पण 2021 च्या लाटेत ज्यांचा ऑक्सिजन चांगला होता त्यांनाही घरच्या घरी गोळ्या सुरू झाल्या, डोस मोठे आणि स्टेरॉइडने वाढणारी शुगर कोणी बघेना, आणि वाढलेल्या शुगरमध्येच ही बुरशी फोफावते. माझ्या मामांचं हेच झालं. आधीच डायबेटिस, कोविडमधून बरे झाले आणि मग एका बाजूचा गाल ठणकायला लागला, वरची दाढ हलायला लागली म्हणून डेंटिस्टकडे नेलं, तोवर पापणी खाली आली आणि एकाचे दोन दिसायला लागले. सायनसमधली बुरशी डोळ्याच्या खोबणीत शिरली होती. ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी अख्खं पुणं पालथं घातलं हो, तरी डोळा काढावाच लागला. आणि बुरशी नसली तरी जास्त दिवस स्टेरॉइड घेतलं तर डोळ्याचं प्रेशर (डोळ्याच्या आतला दाब) वाढू शकतं, बहुतेक वेळा दुखत नाही म्हणून कळतही नाही, त्यावर एक ओळ तरी हवी होती लेखात. म्हणून कोविडच्या वेळी ज्यांना खूप दिवस स्टेरॉइड दिलं होतं त्यांनी प्लीज एकदा डोळ्याचं प्रेशर तपासून घ्या.