वाचणारा भेटला, घात झाला

डॉक्युमेंटेशन कोणी वाचत नाही, या भक्कम पायावर आमचा धंदा इतकी वर्षं उभा होता. एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घ्यायची खिडकी, लिहिणाऱ्याने 'स्टेटस' या फील्डपुढे 'स्टेटस दर्शवतो' असा खुलासा करावा, मी त्यातलं शुद्धलेखन तपासावं, आणि ज्याला गरज असेल त्याने यातलं अक्षरही न वाचता थेट लिहिणाऱ्यालाच गाठावं. कोणाची तक्रार नव्हती.

मग एजंट आले, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच पायऱ्या ठरवून करणारी एआय मॉडेलं. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेलांना फंक्शन कॉलिंगची, म्हणजे बाहेरचं कोणतं फंक्शन काय माहिती देऊन बोलवायचं ते सांगायची, सोय दिली, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने बाहेरची साधनं मॉडेलला जोडायचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल काढला, आणि दिसेल ते एपीआय 'टूल' म्हणून एजंटच्या हातात द्यायची टूम निघाली. "आपल्या एपीआयचं यंत्राला वाचता येणारं वर्णन, ओपनएपीआय स्पेक, आहेच. त्यातून टूल्स आपोआप तयार होतील. तू फक्त एकदा नजर टाक," मॅनेजर मॅडम म्हणाल्या. ऑफिसात 'आपोआप' ऐकू आलं की कोणाचा तरी शनिवार गेला असं समजावं.

एजंटचा दोष एकच, तो वाचतो. आणि वाचलेल्यावर विश्वास ठेवतो. 'ऐच्छिक' लिहिलेला पॅरामीटर न दिल्यामुळे ४०० चा, म्हणजे 'विनंतीच चुकली' असा, एरर आला, तर माणूस एपीआय लिहिणाऱ्याच्या नावाने दोन शब्द उच्चारतो आणि पॅरामीटर देऊन मोकळा होतो. एजंट आधी दिलगिरी व्यक्त करतो, मग तीच विनंती पुन्हा पाठवतो, आणि शेवटी एक कस्टमर आयडी मनानेच रचतो. तोही दिसायला इतका खरा, की असेल बुवा असा कोणी, असं आपल्यालाही वाटावं.

त्यात आमची नावं. 'गेट यूजर', 'फेच यूजर' आणि 'गेट यूजर न्यू' अशी तीन टूल्स. त्यातलं 'न्यू' सगळ्यांत जुनं. माणसांना हे माहीत होतं, कारण माणसं चहाला जातात. एजंट मात्र दर वेळी वेगळं टूल निवडायचा आणि दर वेळी निवडीचं सुंदर समर्थन करायचा. 'क्लीनअप'पुढे 'नोंदी स्वच्छ करतो' एवढंच लिहिलेलं. पत्त्यांमधल्या जादा मोकळ्या जागा काढायला सांगितल्यावर त्याने टेस्टच्या डेटाबेसातले पत्तेच काढले. आता जागाच जागा. तारखेचा प्रकार नुसता 'स्ट्रिंग', म्हणून ०३/०४ हा कधी मार्चमधला दिवस, कधी एप्रिलमधला. शेवटी आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं उदाहरणासकट लिहिलं, तेव्हा कॅलेंडर शांत झालं.

एरर मेसेज हे तर वेगळंच अध्यात्म. 'काहीतरी चुकलं' हे विधान कोणत्याही दिवशी, कोणाच्याही बाबतीत खरं आहे. त्यावरून पुढे काय करायचं ते कळत नाही. त्याहून भयंकर म्हणजे २०० हा 'सगळं ठीक' सांगणारा कोड पाठवून आत बारीक अक्षरात 'फेल' लिहिणारं एपीआय. एजंट २०० पाहतो आणि 'आपलं काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं आहे' असं आनंदाने कळवतो. याउलट 'इथे नाव चालत नाही, आधी सर्च टूलने आयडी मिळवा' एवढं एक वाक्य टाकलं, की पुढच्याच कॉलला तो सुतासारखा सरळ.

आता वाटेल, लिहा मग भरपूर. तेही नाही. सगळ्या टूल्सची वर्णनं मॉडेल एकत्रच वाचतं. एका टूलपुढे 'शक्यतो टाळा' लिहिलं, तर त्याने ते कायमचं वाळीत टाकलं आणि त्याची कामं भलत्याच टूलकडे नेली.

मूल्यमापनाची तऱ्हा याहून न्यारी. साधी टेस्ट पास होते किंवा फेल. ही सकाळी पास होते आणि दुपारी फेल. टेंपरेचर, म्हणजे मॉडेलच्या उत्तरातला लहरीपणा ठरवणारा आकडा, शून्यावर ठेवलं तरी तेच उत्तर येईल याची हमी नाही. दहापैकी नऊ वेळा जमतं म्हणून आम्ही पाठ थोपटून घेणार होतो. पण प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र धरला, तर तेच काम ओळीने आठ वेळा जमण्याची शक्यता ४३ टक्केच भरते. २०२४ च्या टाऊ-बेंच या एजंटांच्या चाचणीने नेमका हाच खोचक प्रश्न पुढे आणला: कधीतरी जमतं का, हे नको, दर वेळी जमतं का, ते सांगा.

शिवाय तपासायचं काय? आम्ही ठरवलेल्या क्रमाने त्याने टूल्स वापरली नाहीत, तरी डेटाबेसात शेवटी बरोबर नोंद होती. उलट एकदा उत्तर अचूक, आणि टूल एकही वापरलेलं नाही! नुसता अंदाज. म्हणून परीक्षक नेमला, तोही मॉडेलच. त्याला लांबलचक, नम्र उत्तरांचं भारी कौतुक. एका साफ फसलेल्या कामावर त्याने शेरा मारला, 'मांडणी सुबक'. वार्षिक मूल्यांकनाला हाच परीक्षक मिळावा, असं मला फार वाटतं.

काल सगळ्या टेस्ट एकदाच्या हिरव्या झाल्या. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे टूल्स तयार आहेत असं समजू?"

"समजा ना मॅडम. पण लवकर समजा, दुपारी मॉडेलची नवी आवृत्ती येतेय."